दिवस तिसरा, गुलमर्ग: न पडलेल्या बर्फाचा हिशोब

आमच्या छापील कार्यक्रमात एक ओळ असायची: 'दिवस तिसरा, गुलमर्ग. बर्फात मनसोक्त खेळा.' ओळ माझीच. २०१९ मध्ये पहिल्यांदा लिहिली आणि नंतरच्या प्रत्येक सहलीला तारखा तेवढ्या बदलून तीच पुढे चालवली. जानेवारी २०२४ मध्ये या ओळीने अठरा माणसांचा विरस केला, आमच्या खिशाला खार लावला आणि ऐन हळदीकुंकवाच्या दिवसांत दोन घरांशी बोलणं जवळजवळ बंद पाडलं. त्या प्रकरणाची ही नोंद. पुण्यात आमच्यासारख्या घरगुती सहली काढणारे बरेच आहेत, त्यांच्या कामाला येईल म्हणून पैशांसकट लिहिते आहे.

मी आणि माझी नणंद मिळून वर्षाला तीन-चार सहली नेतो. कंपनी नाही, ऑफिस नाही. सहकारनगरातल्या ओळखी, भिशीतल्या बायका, त्यांचे दीर-जावा, शेजारच्या इमारतीतले काका-काकू, एवढंच वर्तुळ. त्यामुळे आमच्याकडे नाराज झालेलं गिऱ्हाईक नुसतं निघून जात नाही. ते मंडईत भेटतं.

तारीख कशी ठरली

सप्टेंबरमध्ये ठरली. डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नं आणि विमानाचे चढे भाव. फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिकं. उरला जानेवारीचा मधला आठवडा, म्हणून १४ ते २० जानेवारी. सगळ्यांच्या सोयी पाहिल्या. बर्फाची सोय कोणी पाहिली नाही, कारण त्याची गरजच वाटली नाही. गुलमर्ग २,६५० मीटरवर. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान', म्हणजे कडाक्याच्या थंडीचा मोठा हप्ता. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. आमच्या तारखा चिल्लई कलानच्या ऐन मध्यावर. २०१९, २०२० आणि २०२३ अशा तिन्ही जानेवारींत आम्हाला गुडघाभर तरी बर्फ मिळाला होता. तीन वेळा मिळालं की माणूस ते कायमचं धरून चालतो.

अठरा जणांची ओळख करून देत बसत नाही, प्रकरणाला लागतात तेवढी माणसं सांगते. एक एकाहत्तर वर्षांच्या आजी. त्यांच्या लेखी बर्फ म्हणजे सारसबागेबाहेरचा गोळा, नाहीतर फ्रिजरच्या भिंतीला धरतो तो थर. (आपल्या भाषेचीही यात थोडी चूक आहे. गोळ्यातला बर्फ, सरबतातला बर्फ आणि आभाळातून पडतो तो बर्फ, सगळ्याला एकच शब्द. 'हिम' फक्त शाळेच्या पुस्तकात.) आजींबरोबर बारा वर्षांचा नातू. लग्नाला दीड महिना झालेलं एक जोडपं. नवरीने खास लाल कोट शिवून घेतला होता, पांढऱ्यावर लाल उठून दिसतो म्हणून. बाणेरला आयटीत नोकरी करणारी एक मुलगी आणि तिची मैत्रीण. या दोघींना दल लेक, केशर, शाली कशाशीच घेणंदेणं नव्हतं. सहलीतले तीन दिवस त्या गुलमर्गला थांबून स्की शिकणार होत्या. ती मुलगी सप्टेंबरपासून रोज पहाटे बाणेरच्या टेकडीवर मांड्यांचे व्यायाम करत होती. खरी बर्फवेडी तीच. शिवाय एक पन्नाशीचे गृहस्थ, ज्यांनी घरातल्या चौघांसाठी थर्मल, जाकिटं आणि पाणी न शिरणारे हातमोजे मिळून अडतीस हजारांची खरेदी केली आणि बिलाचा फोटो ग्रुपवर टाकला.

आणि काका. शेजारच्या इमारतीतले, सत्तरीचे, हवामान खात्यातून निवृत्त झालेले.

सिमला ऑफिसातले काका

शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक पुणेकरांना ठाऊक असतो, नाव कुठून आलं ते बहुतेकांना ठाऊक नसतं. हवामान खातं स्थापन झालं १८७५ मध्ये. मुख्यालय आधी कोलकात्याला, १९०५ मध्ये ते सिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये तिथून पुण्यात आलं. मनोऱ्यावर घड्याळ असलेली ती दगडी इमारत त्याचीच. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण पुणेकरांच्या तोंडात 'सिमला ऑफिस' राहिलं ते राहिलंच. काका म्हणायचे, "ऑफिस आलं, नाव आलं, बर्फ तेवढा तिकडे राहिला. पस्तीस वर्षं सिमला ऑफिसात नोकरी केली आणि बर्फ पडताना एकदाही पाहिला नाही." म्हणून तर ते आमच्याबरोबर येत होते.

२८ डिसेंबरला, गुरुवारी, संध्याकाळी ते आमच्याकडे आले. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतं, तो त्यांनी पाहिला होता. निवृत्त होऊनही सवय गेलेली नाही. चहा पुढे ठेवला तर म्हणाले, "तारीख पुढे ढकलता येईल का गं? उत्तरेत कोरडंच दिसतंय."

मी म्हटलं, "काका, विमानाची तिकिटं झालीत."

"ते मला माहिती आहे. मी बर्फाचं विचारतोय."

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात हिवाळ्यात जो बर्फ पडतो तो आणतात पश्चिमी चक्रावात. भूमध्य समुद्राच्या बाजूला कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत येतात आणि हिमालयाला धडकतात. डिसेंबर-जानेवारी मिळून अशी पाच ते सात चांगली येतात. त्या हिवाळ्यात जी आली ती एकतर दुबळी होती, नाहीतर वरच्या वर उत्तरेकडून निघून जात होती. "गाड्या धावतायत, आपल्या स्टेशनावर थांबत नाहीत एवढंच," काका म्हणाले. पुण्यातली थंडीसुद्धा बऱ्याचदा त्याच गाडीच्या मागून येते. चक्रावात पुढे सरकला की त्याच्या पाठीमागचे कोरडे, गार उत्तरी वारे आपल्यापर्यंत पोचतात आणि पाषाणला पारा एका आकड्यावर येतो.

मी विचारलं, हे सगळं अल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापल्यामुळे का? तेव्हा बातम्यांत तोच शब्द होता. काकांनी मान हलवली. "सगळं त्याच्यावर ढकलू नका. अल निनोच्या हिवाळ्यात उत्तरेला चांगला बर्फ पडल्याचीही उदाहरणं आहेत. हात असेल त्याचा, पण एकट्याचा नाही."

चहा संपवून ते गेले. मी नणंदेला फोन करून सांगितलं आणि आम्ही दोघींनी काय केलं? काही नाही.

५ जानेवारी ते १० जानेवारी

या प्रकरणाचा खरा मजकूर या पाच दिवसांत आहे, म्हणून इथे सावकाश जाते.

५ जानेवारीला, शुक्रवारी, आमच्या श्रीनगरच्या माणसाने न मागता गुलमर्गचा व्हिडिओ पाठवला. पिवळं गवत, मधूनमधून मातीचे उघडे पट्टे, मागे करडे डोंगर. एक घोडा चरत होता. जानेवारीत गुलमर्गला घोडा चरतो आहे! खाली त्याने लिहिलं होतं, "मॅडम, अभी नौ दिन हैं. एक रात में दो फुट हो जाता है." हे खोटं नव्हतं. एक जोरदार चक्रावात आला तर गुलमर्ग एका रात्रीत पांढरं होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि नेमक्या त्याच खऱ्या वाक्याच्या आडोशाला मी बसले.

नणंद म्हणाली, "वहिनी, आजच ग्रुपवर टाकूया."

मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांबू. उगाच सगळ्यांचा हिरमोड कशाला?"

रविवार होता ७ जानेवारी. हॉटेल पैसे न कापता रद्द करायची शेवटची तारीख तीच. सोमवारपासून निम्मे पैसे कापले जाणार होते. मी हे मुद्दाम केलं का, असं मला नंतर तोंडावर विचारण्यात आलं. मुद्दाम नाही केलं. पण ती तारीख मला ठाऊक नव्हती, असंही म्हणता येणार नाही. ती मीच वहीत लाल पेनने लिहून ठेवली होती.

रविवार गेला, सोमवार गेला. मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. तेव्हा जम्मू-काश्मीरचे माजी मुख्यमंत्री असलेल्या ओमर अब्दुल्ला यांनी कोरड्या गुलमर्गचे फोटो टाकले, ते सगळीकडे फिरले आणि आमच्या ग्रुपवरही आले. टाकले कोणी, तर बाणेरच्या मुलीने. खाली एकच प्रश्न: "काकू, हे तुम्हाला माहिती होतं का?"

१० तारखेला, बुधवारी रात्री मी लिहिलं: "गुलमर्गला सध्या बर्फ नाही. आपल्या तारखांत पडेल असं दिसत नाही. ज्यांना रद्द करायचं आहे त्यांनी उद्या दुपारी बारापर्यंत कळवावं. विमानाचे पैसे मिळणार नाहीत, हॉटेलचे निम्मे मिळतील." पाठवल्यावर पहिलं उत्तर आलं ते काकांचं, अंगठा. त्या अंगठ्याइतकं टोचणारं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

चौघांनी रद्द केलं: नवं जोडपं, बाणेरची मुलगी आणि तिची मैत्रीण. स्की शिकवणाऱ्यांनी वर्ग पुढे ढकलले होते, तेव्हा त्या दोघींना जाण्यात अर्थच नव्हता. चौदा जण उरले.

प्रत्यक्षात काय झालं

१४ तारखेला सकाळी लोहगावहून निघालो आणि दिल्लीत अडकलो. त्या दिवशी दिल्लीच्या धुक्याने देशभरातली विमानं खोळंबवली होती. रात्र टर्मिनलवर काढली. पंधराला संक्रांत, ती तिथेच खुर्च्यांवर बसून तिळाच्या वड्या खाऊन केली. काका म्हणाले, "कारण तेच आहे बघ. चक्रावात आला असता तर हवा ढवळली असती. ढवळायला कोणी नाही, म्हणून धुकं ठाण मांडून बसलंय." म्हणजे बर्फ न पडण्याचा पहिला हप्ता आम्ही दिल्लीतच भरला. पंधराला दुपारी श्रीनगरला पोचलो, एका रात्रीचं हॉटेल फुकट गेलं.

श्रीनगरला दुपारी लख्ख ऊन. त्या आठवड्यात तिथला दुपारचा पारा पंधरा अंशांच्या घरात होता. रात्री उणे, दिवसा स्वेटर काढावा अशी हवा. अडतीस हजारांच्या जाकिटांचे मालक दल लेकच्या काठाने अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत होते आणि एक शब्द बोलत नव्हते.

आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या ड्रायव्हरने डिकी उघडून दाखवली. चाकांना बांधायच्या नव्या साखळ्या, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. "हर साल दिसंबर में निकालते हैं, आंटीजी. इस बार पैकिंग भी नहीं खोली." त्याच्या भावाची शोपियानकडे सफरचंदाची बाग. तो सांगत होता की बर्फ फेब्रुवारी-मार्चमध्ये पडला तरी काश्मीरवाल्याचं भागत नाही. चिल्लई कलानमधला बर्फ थंडीत घट्ट बसतो, डोंगरावर टिकतो, उन्हाळ्यात हळूहळू वितळून झऱ्यांना, भाताला, बागांना पाणी देतो. उशिराचा बर्फ पडतो आणि लगेच वाहून जातो. आपल्याकडे मृग-आर्द्रा कोरडे गेले आणि भाद्रपदात धो धो कोसळला, तर आकडा भरतो पण पेरणी गेलेली असते, तसंच. खोऱ्यात बर्फासाठी, पावसासाठी खास नमाज पढली जात होती. आजी म्हणाल्या, "आपल्याकडे देव पाण्यात घालून बसतात, तसंच की." ड्रायव्हरला ते हिंदीत समजावताना माझी पंचाईत झाली. देवाला पाण्यात का बुडवता, हे त्याला काही केल्या पटेना.

१७ तारखेला गुलमर्ग. वाटेत टंगमर्गला लांब बूट आणि फरचे कोट भाड्याने देणाऱ्या दुकानांसमोरून गेलो. दुकानदार बाहेर उन्हात बसलेले, आम्हाला हाकसुद्धा मारली नाही. वर पोचलो तर व्हिडिओत होतं तेच, फक्त घोडे जास्त. त्यांच्या टापांची धूळ नाकात जात होती. स्लेजवाल्यांनी लाकडी स्लेज एकावर एक उपड्या रचून ठेवल्या होत्या, उन्हाळ्यात होड्या ठेवतात तशा. एक वयस्कर स्लेजवाला नातवाला म्हणाला, "आओ बेटा, फोटो खिंचवाओ." पोरगं वाळक्या गवतात स्लेजवर बसलं, म्हाताऱ्याने दोरी हातात घेऊन ओढल्याचा आव आणला. त्याने पैसे मागितले नाहीत. आजींनी बळेच दिले. तो फोटो पुढे कितीतरी महिने आमच्या ग्रुपचा चेहरा होता.

गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यावर, अफरवाट शिखराच्या बाजूला, साधारण ३,९०० मीटरवर, सावलीत थोडा बर्फ शिल्लक होता. मळका, कडक, पावलांनी तुडवलेला. नऊ जण वर गेले. आजींना रक्तदाबाचा त्रास, त्या खालीच कहवा पीत बसल्या. नातवाने वरून काय आणावं? भाकरवडीचा रिकामा स्टीलचा डबा बर्फाने गच्च भरून आणला. खाली येईपर्यंत कडेने पाणी सुटलं होतं. आजींनी झाकण काढलं, बोट लावलं, थोडा वेळ डब्यात पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर आपल्या फ्रिजरमधलंच आहे."

सगळे हसले. मी नाही हसले, कारण माझ्या शेजारी काका उभे होते आणि ते आभाळाकडे बघत होते. एक ढग नव्हता. त्याच दिवशी दिल्लीहून हवामान खात्याने सांगितलं होतं की उत्तर भारतावर बारा किलोमीटर उंचीवर ताशी अडीचशे किलोमीटरहून जास्त वेगाचे वारे वाहत आहेत. काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "बघ. वर एवढी पळापळ चाललीय, आणि खाली गवताचं पातं हलत नाही."

बाकीचे दिवस वाईट गेले नाहीत, हेही नोंदवायला हवं. पहलगामच्या वाटेवर अवंतीपोऱ्याला अवंतिवर्मन राजाच्या काळातल्या, नवव्या शतकातल्या देवळाचे अवशेष आहेत. एरवी गुलमर्गच्या गडबडीत आम्ही ते गाडीतूनच दाखवायचो. या वेळी दीड तास थांबलो. पुढे संगमजवळ विलोच्या बॅटी बनवणारे कारखाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. नातवाने तिथे फळीपासून बॅट होताना पाहिली, सतरा बॅटी उचलून टकटक करून पाहिल्या आणि एक घेतली. त्याला विचाराल तर सहल झकास झाली.

हिशोब

२७ जानेवारीला, शनिवारी, आमच्याच घरी बैठक झाली. न गेलेलेही आले. तिळगूळ दिला, घेतला. गोड कोणी बोललं नाही.

माणशी ४४,००० रुपये असे गेले होते: विमान २१,४००, हॉटेल १२,६००, गाडी ४,४००, गोंडोला आणि शिकारा २,५००, आमचा मेहनताना ३,१००. बर्फ नावाची रक्कम यात कुठेही नाही, हा माझा मुद्दा होता. मी तो मांडलासुद्धा. जाकीटवाल्या गृहस्थांनी खिशातून कार्यक्रमाचा कागद काढला, 'बर्फात मनसोक्त खेळा' या ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि टेबलावर ठेवला. "मग हे काय आहे? श्लोक?"

त्यांची मागणी निम्मे पैसे परत, चौघांचे ८८,०००. म्हणणं असं: "पाच तारखेला सांगितलं असतंत तर मीही रद्द केलं असतं."

नणंद म्हणाली, "दहाला सांगितलं तेव्हा का नाही केलंत?"

"कारण दहाला केलं असतं तर हॉटेलचे माणशी सहा हजार तीनशे बुडत होते! बुडवण्यापेक्षा गेलो."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. माणूस तिरसट होता, पण गणित बरोबर होतं.

शेवटी काका बोलले. "बर्फाचे पैसे परत करू नका. तो तुमच्या हातात नव्हता, उद्या पडला तर जास्तीचे मागाल का? तुम्ही पाच दिवस गप्प बसलात, त्याचे पैसे द्या."

मग गप्प बसण्याची किंमत काढली. ती निघाली, अगदी रुपयांत निघाली. न गेलेल्या चौघांना पाच तारखेला कळलं असतं तर हॉटेलचे पूर्ण १२,६०० मिळाले असते, मिळाले ६,३००. फरक माणशी ६,३००, चौघांचे २५,२००. ते आम्ही आमच्यातून भरले. शिवाय त्यांचा मेहनताना आणि गोंडोला-शिकाऱ्याचे पैसे परत, म्हणजे प्रत्येकाला १८,२००. विमानाचे कर तेवढे सुटले, ते वेगळे. गेलेल्या चौदा जणांच्या मेहनतान्याचे ४३,४०० होते, त्यातून २५,२०० गेले. दोघींच्या दोन महिन्यांच्या खटपटीचे उरले १८,२००. न आलेल्या एका माणसाला परत केले तेवढेच.

जाकीटवाल्यांना आम्ही आमचा मेहनताना, चौघांचे १२,४००, देऊ केला. त्यांनी तो नाकारला. "राहू द्या," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. त्यानंतर ते आमच्याबरोबर आलेले नाहीत. त्यांच्या सौभाग्यवती हळदीकुंकवाला येतात, पण वाण घेऊन लगेच निघतात. धुक्यात गेलेल्या रात्रीचे पैसे मात्र आम्ही कोणाला दिले नाहीत. त्यावरून अजून एका घरात कुरकुर आहे आणि ती मला मान्य नाही.

नंतर

बैठकीनंतर आठवडाही झाला नाही. जानेवारी सरता सरता चक्रावात आले, आणि फेब्रुवारी उजाडला तेव्हा गुलमर्ग पांढरं झालं होतं. ड्रायव्हरने व्हिडिओ पाठवला: टंगमर्गच्या चढावर तो गुडघे टेकून चाकाला साखळी बांधतोय आणि बाजूला ती प्लॅस्टिकची पिशवी पडली आहे. मी तो ग्रुपवर टाकला नाही. काकांना एकट्यांना पाठवला. त्यांनी लिहिलं, "स्टेशनावर थांबली गाडी." बर्फाअभावी लांबलेल्या गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २१ ते २५ फेब्रुवारीला झाल्या.

बाणेरच्या मुलीने त्याच सुमारास रजा काढून स्कीचा वर्ग गाठला. २२ तारखेला गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन झालं आणि त्यात एक रशियन स्कीअर दगावला. दुपारी तिच्या आईचा मला फोन. मी तिला पाठवलं नव्हतं, तिची तिकिटं काढली नव्हती, तरी फोन मला. मुलगी खाली, नवशिक्यांच्या उतारावर होती, सुखरूप होती. संध्याकाळी तिनेच कळवलं. महिन्याभरापूर्वी बर्फ नाही म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या, आता बर्फ आहे म्हणून हातपाय गार पडले.

पुढच्या सहलीची तारीख काकांनी काढली: फेब्रुवारी २०२५ चा शेवटचा आठवडा. मुलं बरोबर नकोत, पण बर्फाची शक्यता बरी, असं त्यांचं म्हणणं. कार्यक्रमाच्या कागदावरची ती ओळही त्यांनीच तपासली. 'बर्फात मनसोक्त खेळा' काटलं, पुढे काहीच लिहिलं नाही. खाली वेगळ्या चौकटीत आम्ही दोन तारखा छापल्या: हॉटेल पूर्ण पैसे परत मिळून रद्द करायची शेवटची तारीख, आणि तिच्या तीन दिवस आधीची, ज्या दिवशी गुलमर्गचा त्याच सकाळचा व्हिडिओ ग्रुपवर येईल. कसा का असेना.

त्या दिवशी सकाळी आठला व्हिडिओ टाकला. बर्फ होता, पण जेमतेम. त्याच सुमारास बातमी आली की २२ फेब्रुवारीला सुरू व्हायच्या हिवाळी स्पर्धा बर्फ कमी म्हणून पुन्हा पुढे ढकलल्या आहेत. तीही टाकली. तासाभरात पाच जणांनी रद्द केलं, अकरा जणांनी येतो म्हणून कळवलं. आजींचा संदेश सगळ्यात शेवटी आला, नातवाने टाइप केलेला:

"मी येते. डबा या वेळी मोठा घेते."